बाजाराच्या दिवशी घ्यायची गोळी

हिवरखेड, गुरुवार

तीर्थरूप खुशालमामांस,

तुमचा भाचा देवानंद याचा हिवरखेडहून, मेडिकलच्या काउंटरमागच्या स्टुलावरून, जमेल तेवढा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार. तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि अमरावतीतलं ऊन यांचं कसं काय चाललं आहे ते कळवावं. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे, पण ते लिहिलं तर खोटं होईल, म्हणून तेवढी ओळ मोकळी सोडतो. तुमची भाचेसून पौर्णिमा ठीक आहे. दुकान ठीक आहे. मी ठीक नाही. आणि आपल्या गावची मनकर्णामावशी, जिच्या हातून माझ्या आईनं आणि तुमच्या बहिणीनं (एकच बाई, पण तुम्हाला दोन्ही बाजूंनी लागावं म्हणून दोनदा लिहिलं) जन्मभर बांगड्या भरल्या, ती अकोल्याला दवाखान्यात पडून आहे. ती तिथं पोचली ती तुमच्या एका वाक्यामुळे आणि माझ्या तोंडामुळे. रागावू नका. निदान पत्र संपेपर्यंत रागावू नका.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचारणार नाही, कारण फोन बंद करून बसण्याचा हुकूम तुमचाच. रविवारच्या व्याख्यानाची तयारी चालली आहे, कुणीही त्रास द्यायचा नाही, असं मामींनी मला सांगितलं. (पहिल्यांदा हळू आवाजात, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा त्यांनीही फोन बंद केला.) शिवाय तुम्हीच म्हणता की देवानंद बोलताना मुद्द्यावर येत नाही, त्यानं लिहावं. तेव्हा लिहितो. मुद्द्यावर येतोच आहे.

मावशीला सांधेवात. बोटं सकाळी मिटेनात, आणि बांगडीवालीची बोटं मिटेनात म्हणजे तिचं दुकानच मिटलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मेथोट्रेक्झेट लिहून दिलं, आठवड्यातून फक्त एकदा, शनिवारी घ्यायचं, आणि चिठ्ठीवर 'शनिवार'खाली दोन रेघा ओढल्या. हे औषध कसं आहे ते तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं. आठवड्याला एक गोळी म्हणजे औषध, रोज एक म्हणजे विष. मी तिला गोळ्यांचा पत्ता दिला, पैसे घेतले, आणि मग माझ्यातला तुमचा विद्यार्थी जागा झाला. तुमचं ते प्रसिद्ध वाक्य आठवलं. 'खेड्यातल्या पेशंटला वार सांगू नका, वार तो विसरतो. बाजाराचा दिवस सांगा, तो कुणी विसरत नाही.' मामा, वाक्य सोन्यासारखं आहे. मी दहा-बारा वर्षं ते वापरतो आहे आणि एकही माणूस चुकला नाही. कापूस पेरणारा, संत्री तोडणारा, शाळेतला शिपाई, सगळ्यांना बाजार हप्त्यातून एकदाच. डॉक्टरांचा शनिवार मी खोडला आणि ऐटीत म्हणालो, मावशी, शनिवार-बिनिवार विसर, बाजाराच्या दिवशी एक घ्यायची. ती म्हणाली, हे सोपं हाये. गेली.

समोर कोण उभं आहे ते मी पाहिलंच नाही. ती बांगड्या विकते, मामा! तिला बाजार हप्त्यातून एकदा कुठून असणार? आज या गावचा, उद्या त्या गावचा, परवा तिसऱ्या गावचा. एसटीत टोपली चढवून ती रोज कुठल्या ना कुठल्या बाजारात बसलेली असते. घरी असते ती फक्त शनिवारी, कारण त्या दिवशी तिला मारुतीचा उपास. म्हणजे डॉक्टरांनी नेमका जो एक वार सांगितला होता तेवढा सोडून बाकी सगळ्या वारी ती गोळी घेत होती. आणि मोठ्या निष्ठेनं, टोपली उतरवली की आधी गोळी, मग बोहणी.

हे मला कळलं ते सोमवारी दुपारी. मावशी दुकानात आली ती डोक्यावरून पदर घेऊन, कण्हत. तोंड आलं होतं. ओठ सुजलेले, जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे. भाकर तर सोडाच, ताकही उतरत नव्हतं. अंग तापलेलं. या बाईचं बोलणं बंद असलेलं मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. (वडील गेले तेव्हासुद्धा ती आमच्या ओट्यावर बसून अख्ख्या गर्दीला त्यांच्या आठवणी सांगत होती.) तिनं बोटानं तोंडाकडे दाखवलं. मी सवयीनं बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडाला लावायचं जेल काढलं, बिल करायला लागलो, आणि तेवढ्यात तिनं पदराच्या गाठीतून तो पत्ता काढून काउंटरवर ठेवला. रिकामा. वर खूण केली, हाही दे.

दहा गोळ्या. दहा हप्ते पुरायला हव्या होत्या. देऊन दोन हप्तेही झाले नव्हते.

मी विचारलं, हे कसं संपलं? ती ओठ न हलवता, जड जिभेनं म्हणाली, "तूनंच तं सांगतलं. बाजाराच्या दिवशी." मी म्हटलं, मावशी, बाजार हप्त्यातून एकदा असतो. त्यावर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मामा, मी ती विसरणार नाही. "तुया हप्त्यातून एकदा असीन. मले तं रोजच बाजार असते ना बाप्पा."

मी तिला बाकावर बसवलं, पौर्णिमाला आतून बोलावलं आणि आता काय करायचं ते शोधायला लागलो. तुम्ही म्हणाल, सरळ दवाखान्यात का नेलं नाही? नेलं, मामा, नेलं. पण माणूस घाबरला की आधी त्याला आपण काय केलं ते कळायला हवं असतं, आणि जमलं तर ते काउंटरच्या आतच निस्तरायचं असतं. त्या शोधण्यात जो वेळ गेला तो मला आत्ता लिहितानाही टोचतो. ती बाकावर थरथरत होती आणि मी औषधांच्या दुकानात उभा राहून एका औषधाची माहिती शोधत होतो. चारही भिंतींना औषधं, आणि माहिती कुठंच नाही.

अकोल्याचे डॉक्टर फोनवर मिळेनात (कंपाउंडर म्हणाला, साहेब परिषदेला गेले, उद्या येतील). मग तुमचा लावला, त्याचं वर लिहिलंच आहे. मग आमच्या तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथं मी एवढंच टाकलं की मेथोट्रेक्झेट रोज घेतलं गेलं, तोंड आलं, ताप आहे, काय करावं, तातडीचं. पहिलं उत्तर नमस्काराचे दोन हात. दुसरं, फॉलिक ॲसिड डबल कर. तिसरं, उन्हानं होतं, गुलकंद दे. चौथ्यानं लिहिलं, माझ्याकडेही अशीच केस होती, आणि पुढं काय झालं ते सांगितलंच नाही. तेवढ्यात कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस निघाला आणि माझा प्रश्न केकच्या चित्रांखाली गाडला गेला. फॉलिनिक नावाचा उतारा वर्गात ऐकल्यासारखा वाटत होता, म्हणून मग फोनमधल्या त्या बोलणाऱ्या सर्वज्ञाला विचारलं. त्यानं अतिशय गोड मराठीत सांगितलं की फॉलिक आणि फॉलिनिक हे जवळपास एकच, काळजी नसावी. मी विचारलं, नक्की का? त्यानं माफी मागितली आणि म्हणाला, नाही, अगदी वेगळे. मी पुन्हा विचारलं, नक्की का? त्यानं पुन्हा माफी मागितली. इतका नम्र माणूस आपल्या वऱ्हाडात सापडायचा नाही, पण मला त्या क्षणी नम्रता नको होती. इंटरनेटवर एक परदेशी पान उघडलं, त्यात सगळं होतं असं दिसत होतं, पण आधी नाव, गाव, डिग्री आणि वर्गणी भरा. डब्यातली माहितीची चिठ्ठी काढली. ती चिठ्ठी दहा पत्त्यांमध्ये एक येते, तिच्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, आणि नेमकी घडीवर फाटलेली.

शेवटी तुम्ही मला लायसन्स मिळालं तेव्हा भेट दिलेला तो जाडा ग्रंथ काढला. (फ्रिजच्या एका पायाखाली होता. माफ करा. पण फ्रिज सरळ राहावा म्हणून होता, अनादर म्हणून नव्हे.) मी पुन्हा फोन लावत होतो म्हणून पौर्णिमानं वाचायला घेतला. मामा, त्या आवृत्तीच्या वेळी तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल. त्यात हे औषध फक्त कॅन्सरच्या प्रकरणात. सांध्यांचं नावही नाही. आणि पौर्णिमाला शाळेत मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायची सवय. तिनं खणखणीत आवाजात वाचलं, 'कॅन्सरच्या रुग्णांमध्ये…' आणि थांबली. बाकावरून मावशीनं मान वर केली. सुजल्या ओठांनी विचारलं, "मले क्यान्सर हाये काय रे देवानंदा? तुमी लपवून राहिले काय?" आम्ही दोघांनी एकदम 'नाही नाही' म्हटलं. इतकं एकदम म्हटलं की तिचा विश्वास बसला नाही. ती रडायला लागली, आणि त्या तोंडानं तिला धड रडताही येईना. मी स्वतःलाच एवढा हलकट आयुष्यात कधी वाटलो नव्हतो.

मग पौर्णिमाला आठवलं. मागं आपल्याकडच्या एका ट्रेनिंगमध्ये एक स्टिकर मिळालं होतं, एका फार्मसी कॉलेजातल्या औषध माहिती केंद्राचं. ते मी फ्रिजच्या दारावर लावलं होतं आणि एकदाही वापरलं नव्हतं. का वापरीन? मला तुम्ही होता. मी नंबर लावला. जुईली नावाची मुलगी होती, आवाजावरून आपल्या जावयाच्या धाकट्या बहिणीएवढी. मी धडाधडा सगळं सांगितलं आणि उत्तराची वाट बघायला लागलो. तर ती प्रश्न विचारायला लागली. गोळी किती मिलिग्रॅमची? एकूण किती पोटात गेल्या? शेवटची कधी? वय, वजन? लघवी होते का? किडनीचं काही? मला संतापच आला. म्हटलं, बाई, विचारायला फोन मी केला आहे की तुम्ही? ती शांतपणे म्हणाली, "सर, यासोबत दुसरं काही घेतलं का? दुखण्याची गोळी वगैरे?"

घेतलं होतं. कारण मधल्या बुधवारी मावशी बोटं दुखतात म्हणून आली होती आणि दुखण्याची गोळी मीच दिली होती. त्या गोळीनं हे औषध शरीराबाहेर पडायला उशीर होतो, हे तुम्ही शिकवलेलं मला तिच्या प्रश्नानंतर आठवलं. सांगितलं तिला. खरं सांगितलं.

मग ती म्हणाली, मी दोन ठिकाणी तपासून पाच मिनिटांत फोन करते. माझ्या मनात आलं, हिलाही माहीत नाही. तुम्ही कधी 'तपासून सांगतो' म्हणाला नाहीत, मामा. चाळीस वर्षांत एकदाही नाही. म्हणूनच तर आम्ही तुम्हाला मानत आलो. मी फोनकडे बघत उभा राहिलो, पौर्णिमा मावशीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती, आणि एक गिऱ्हाईक येऊन खोकल्याचं औषध मागत होतं. त्याला मी काय दिलं देव जाणे. (नंतर जाऊन पाहिलं. खोकल्याचंच दिलं होतं.)

फोन आला. फॉलिक नव्हे, फॉलिनिक. तिनं अक्षरं सुटी करून मला लिहायला लावली. साध्या फॉलिकनं आता काम होणार नाही, कारण हे औषध त्याचाच रस्ता अडवून बसलेलं असतं. फॉलिनिक त्या अडथळ्याच्या पलीकडून जातं. जेवढ्या लवकर तेवढं चांगलं, पण दवाखान्यात, रक्त तपासून. दुकानातून काही देऊ नका, तिला मोठ्या दवाखान्यात न्या, रिकामा पत्ता सोबत ठेवा. कुठल्या पुस्तकात पाहिलं आणि ते कुठल्या वर्षीचं तेही सांगितलं. मी डोस विचारला. ती म्हणाली, "तो तिथले डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. तो मला इथून सांगता येणार नाही." मामा, त्या दिवशी 'मला सांगता येणार नाही' असं म्हणणारी ती पहिली होती, आणि माझा विश्वास बसला तोही तिच्यावरच.

शालिकरामची गाडी काढली. शालिकराम आमचा शेजारी, गाडी चालवताना समोर कमी आणि बाजूच्याकडे जास्त बघतो. अकोटमार्गे अकोला, रस्त्यात खड्डे, मागच्या सीटवर मावशी पौर्णिमाच्या मांडीवर डोकं ठेवून, ग्लानीत. मी शालिकरामला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवंच होतं. तो बाजूला माझ्याकडे बघत म्हणाला, "मलेही तूनं बाजाराचीच देली हाये ना, ते पावडरीची पुडी." खरं होतं. व्हिटॅमिन डी, हाडांसाठी, हप्त्यातून एक. मी विचारलं, घेतोस ना बरोबर? तर म्हणतो, "मी कायले घीन? गुडघे दुखून राहिले, मी बाजारात जातच नाही. बायको जाते. तिलेच देतो." चार महिने, मामा! गुडघे याचे आणि पुड्या बायकोला. बायको ठणठणीत आहे, विहिरीवरून दोन घागरी घेऊन धावत येते. मला हसू आलं, आणि हसता हसताच पहिल्यांदा डोक्यात शिरलं की ही गोष्ट एकट्या मनकर्णामावशीची नाही.

दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. तरुण डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, एक-दोन दिवस उशीर झाला असता तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं. समोरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहिली, मागं वळला आणि फॉलिक ॲसिड काढून काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, हे नाही. तो म्हणाला, "एकच हाये भाऊ, नाव लांब केलं म्हणून काय झालं." त्याच्या आवाजातली ती खात्री! अगदी माझा आवाज होता तो, शनिवार खोडतानाचा. मी त्याला फॉलिनिक हा शब्द सुटा करून वाचायला लावला. तो चिडला, पण शोधलं आणि दिलं.

आता आज गुरुवार. पेशी वर यायला लागल्या आहेत, ताप उतरला आहे, काल तिनं चमचा चमचा पेज घेतली. डॉक्टर म्हणतात, वाचली. मी अजून म्हणत नाही. ती उठून टोपली उचलेल तेव्हा म्हणेन. पौर्णिमाचा भाऊ उद्या सकाळच्या एसटीनं अमरावतीला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र. मामींना सांगा, त्याला चहा द्यावा आणि पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत त्याला उठू देऊ नये.

आशीर्वाद असावा. नसला तरी मी समजून घेईन.

तुमचा भाचा,
देवानंद

ता. क. मुद्द्यावर येतो. रविवारी अमरावतीला आपल्या औषधविक्रेत्यांसमोर तुमचं व्याख्यान आहे, विषय 'बाजार पद्धत', आणि शेवटी त्याबद्दल शाल-श्रीफळ. समोर तुमचे विद्यार्थी बसलेले असणार. वरूडचे, शेंदूरजनाघाटचे, अचलपूरचे, आमच्या तेल्हाऱ्याचे. सगळे काउंटरवर तेच सांगतात, 'बाजाराच्या दिवशी'. भाजीवालीला सांगतात, बैलांच्या दलालाला सांगतात, बाजारात भजी तळणाऱ्याला सांगतात. मामा, ते सगळे एकाच हॉलमध्ये पुन्हा कधी सापडणार नाहीत. शाल घ्या, श्रीफळ घ्या, आणि मग उठून सांगा की सांगण्याआधी विचारा, तुम्हाला बाजार किती? तुमच्या तोंडून निघालेलं तुमच्याच तोंडून मागं जाईल. माझं कोण ऐकतो?

आणखी एक ता. क. तुम्हाला ते जमणार नसेल तर मी उठून सांगेन. नाव नोंदवलं आहे. तुमचं नाव घेणार नाही, 'एक ज्येष्ठ गृहस्थ' एवढंच म्हणेन. (सगळ्यांना कळेल.)

शेवटचा ता. क. पाकीट बंद करतानाच वॉर्डातून मावशीचा फोन आला. नर्सनं एक नवी गोळी दिली आहे. तिथं डॉक्टर आहेत, नर्स आहेत, पण ती गोळी तोंडात घालत नाही. म्हणते, देवानंदा, तू सांग, घेऊ का? अजूनही मलाच विचारते, मामा. मी म्हटलं, मावशी, गोळीचं नाव वाचून घे, मी तपासून सांगतो. त्यावर म्हणाली, "तपास बाप्पा, सावकाश तपास. मी हातात धरून बसली आहो."